सवतीला उठवताना

३ डिसेंबर

शब्द : एकही नाही.

ही वही खरं तर माझी नाही. वाचा परत आणणाऱ्या बाई दर गुरुवारी येतात, त्यांनी दिली. त्या ह्यांच्यासमोर बसून चित्रं दाखवतात, "हे काय? ही कोण?" विचारतात, आणि हे भिंतीकडे बघत बसतात. बाई म्हणाल्या, "रोज काय बोलले ते लिहून ठेवा. अर्धा शब्द असला तरी लिहा. शिवी दिली तर शिवी लिहा, तीही मोजायची." झटका येऊन आज चव्वेचाळीस दिवस झाले. उजवं अंग गेलं आणि जीभ गेली. पहिल्या तीन महिन्यांत वाचा परतायला लागली तर लागली, पुढे अवघड असतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे वीस जानेवारी.

चौतीस वर्षं मी सगळ्यांकडे कुरकुर केली की हा माणूस बोलत नाही, नुसता ओरडतो. "अगं, दार लाव की!" "अगं, बादली हलव की!" आता एक "अगं" कानावर पडावं म्हणून मी जीव टांगून बसले आहे.

शब्द नाही म्हणून पान कोरं सोडवत नाही, तेव्हा दुसरंच लिहिते. आतापर्यंत सकाळी दूध खाली रस्त्यावर नेऊन द्यायचं काम धाकटे भावजी करत होते. आता त्यांच्या लाकडाच्या वखारीत पहाटेची पाळी लागली, फक्त मंगळवारी सुट्टी. दूधगाडी आमच्या चढावर येत नाही. साडेसातला खाली थांबते, दहा मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. दुधाचे कॅन दोन किलोमीटर खाली न्यायचे तर ट्रॅक्टर हवाच. म्हणजे परवापासून सवतीला मी उठवायचं.

सवत म्हणजे ट्रॅक्टर. लग्नानंतर दोन वर्षांनी हे तिला घेऊन आले. माझ्या वाढदिवसाची तारीख ह्यांना कधी आठवली नाही, पण तिचं तेल कधी बदललं ते दिवसासकट सांगायचे. मला तिला हात लावायची मुभा नव्हती. गोठा माझा, शेड ह्यांची, अशी वाटणी होती.

४ डिसेंबर

शब्द : नाही.

मिस्त्री येऊन शिकवून गेला. वयाने माझ्या लेकीएवढा असेल, पण शिकवताना मास्तरच्या वर.

"काकू, आधी शेडची दोन्ही दारं सताड उघडायची. कितीही गारठा असू दे. बंद जागेतला धूर माणसाला झोपवतो, परत उठवत नाही. मग वर सीटवर बसायचं. खाली उभं राहून, वायरला वायर लावून चालू करायची हुशारी कोणी शिकवली तर त्याला हाकला. गिअरमध्ये असली तर तुमच्या अंगावरूनच जाईल."

गिअर मोकळा आहे का ते दांडी हलवून बघायचं. हातब्रेक ओढलेला. मागच्या फिरत्या दांड्याचा खटका बंद. क्लच पूर्ण दाबायचा. मग चावी डावीकडे फिरवून धरून ठेवायची, म्हणजे लाल दिवा लागतो आणि आतले हीटर तापतात. तापले की चावी उजवीकडे. त्याला तो 'सेल्फ मारणं' म्हणतो. दहा सेकंदांच्या वर मारायचा नाही, नाही उठली तर दोन मिनिटं थांबायचं. उठली की पाच मिनिटं तिला हळू गुरगुरू द्यायचं, लगेच रेस द्यायची नाही. आणि जाळ जवळपाससुद्धा आणायचा नाही.

"हीटर किती वेळ धरायचा?" मी विचारलं.

"थोडा वेळ."

"थोडा म्हणजे? दुधाला उकळी येईपर्यंतसुद्धा थोडाच वेळ लागतो."

"ते ज्याच्या त्याच्या गाडीवर असतं काकू. मालकांना नेमकं ठाऊक असणार. त्यांनाच विचा..." एवढं बोलून तो उगाच पाना पुसत बसला.

मग मी आणखी एक मूर्खपणाचा प्रश्न विचारला, की ठिणगी कुठे पडते. तो म्हणाला, ठिणगी नसतेच. डिझेलच्या इंजिनात काडी नाही, ठिणगी नाही. नुसती हवा घ्यायची आणि इतकी दाबायची, इतकी दाबायची की ती स्वतःच तापून लाल होते. मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा, की पेटलं. "सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना, तेच." हवा मुळात गार असली तर दाबूनही पुरेशी तापत नाही, म्हणून थंडीत आधी हीटर.

सायकलचा पंप मी हजारदा हातात धरला असेल. गरम लागतो हेही माहीत होतं. संध्याकाळी दूध काढताना माझं लक्षच नव्हतं. गायीच्या नाकातून वाफ निघत होती आणि मी तिच्याकडे बघत विचार करत होते की ह्या एवढ्याशा हवेत जाळ दडलेला आहे, कोणी नीट दाबलं तर बाहेर येईल. बत्तीस वर्षं रोज सकाळी माझ्या अंगणात हे घडत होतं आणि मी फक्त म्हणत होते, काय तो आवाज, काय तो धूर.

५ डिसेंबर

शब्द : नाही. (बाई आल्या होत्या. चित्रं झाली, मग "माझ्याबरोबर मोजा, एक, दोन, तीन" झालं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.)

सकाळी साडेसहाला बसले सीटवर. पाय क्लचपर्यंत पोचेना, पाठीला उशी लावली. पाचपर्यंत मोजून हीटर धरला आणि सेल्फ मारला. म्हातारी खोकते तशी खोकली, पण उठली नाही. दोन मिनिटं थांबले, पुन्हा तेच. सहाव्या वेळेला पांढऱ्या धुराचा लोट निघाला आणि सगळी शेड थरथरली. सीटखालून थेट माझ्या दातांपर्यंत पोचलं ते. मी मोठ्याने काहीतरी ओरडले, काय ते आठवत नाही. गाडी चुकता चुकता गाठली.

एक गोष्ट मात्र लागली मनाला. ह्यांचा पलंग खिडकीशी आहे. खिडकीतून अंगण आणि शेडचं दार सरळ दिसतं. खोलीत शेगडी असते म्हणून वरची झडप उघडी ठेवतो. मी चावीला हात घातला रे घातला, की ह्यांनी डाव्या हातातला चमचा पलंगाच्या लोखंडी कठड्यावर आपटायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्. मी सेल्फ मारला की आणखी जोरात, तीन-चारदा, आणि मग बंद. प्रत्येक खेपेला असंच. मला सवतीवर बसलेलं बघवत नाही, दुसरं काय.

८ डिसेंबर

शब्द : नाही.

आज पाचव्या वेळेला उठली. आपटणं चालूच आहे.

शेडच्या भिंतीवर, बसल्यावर समोर येईल अशा ठिकाणी, ह्यांनी खडूने चित्रं काढून ठेवली आहेत. एक बादली, तिच्याखाली १०. दुसरी बादली, तोंडाशी आडवी रेघ, खाली २०. तिसरी पूर्ण खडूने भरलेली, खाली ३०. चौथी दाराची कडी, तिच्यावर फुली. दूध लिहून ठेवलंय म्हणायचं, तर तीस लिटर देणारी गाय आमच्या गोठ्यात जन्मात आली नाही. ह्यांना फुशारकीची सवय नव्हती, भिंतीसमोर का होईना करत होते म्हणजे. कडी मोडली असेल, ती बदलायची म्हणून फुली मारली असणार.

शेडच्या दारात पाण्याची एक बादली नेहमी ठेवलेली असते. कशाला, कोण जाणे. रोज सकाळी तिच्यात बर्फाचा पापुद्रा असतो. चांगली दणकट बादली आहे, वासरांना पाणी पाजायला गोठ्यात नेली. नेताना खिडकीकडे बघितलं तर ह्यांचा चेहरा असा, जणू मी घर विकलं.

१३ डिसेंबर

शब्द : नाही.

आज काही केल्या उठेना. सेल्फ मारला की फिरते, पण पेट घेत नाही. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, फिल्टरची काच बघा. बघितलं तर माझं केसांचं तेल थंडीत थिजतं तसं डिझेल थिजून पांढरं झालेलं. पाळीवर जाता जाता भावजी डोकावले आणि म्हणाले, "चिंध्या पेटवून खाली धरू का वहिनी? मिनिटात पातळ होईल."

"आणि त्याच मिनिटात आपणही," मी म्हटलं.

गरम पाण्यात टॉवेल पिळून फिल्टरला आणि नळ्यांना गुंडाळले. गार झाले की पुन्हा. पाचव्या टॉवेलला पांढरं विरायला लागलं. तापलेल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवतात त्याच्या उलट काम. गाडी निघून गेली होती, अख्खं दूध घरी राहिलं, दिवसभर दही लावत आणि लोणी काढत बसले. मिस्त्री दुपारी थंडीचं डिझेल देऊन गेला. रोज संध्याकाळी टाकी भरून ठेवा म्हणाला, रिकाम्या टाकीत हवेतलं पाणी धरतं. टाकीतली हवा, सिलेंडरमधली हवा. आपण जिला काहीच नाही म्हणतो ती सगळीकडे काही ना काही करतच असते.

१५ डिसेंबर

शब्द : नाही.

एक गोष्ट लिहून टाकते. ही वही बाईंनी मागितली तर हे पान फाडेन.

मला आवडतं. सकाळी ती उठली की पाच मिनिटं गुरगुरत असते, तेव्हा मी नुसती बसून राहते. काटा हळूहळू वर येतो. चिमणीवर हात धरला तर ऊब लागते. दाराबाहेरच्या उतारावर सगळं गवत पांढरं, आणि त्यावर उन्हाची पहिली रेघ पडते तिथे वाफ उठते. हे मी इतकी वर्षं गोठ्याच्या आतून कधी बघितलं नव्हतं. छाती भरून येते. नवरा आत पडून आहे, मुका झाला आहे, आणि मी सीटवर बसून खूश होते आहे. हे ह्यांना दिसतं खिडकीतून. म्हणून तर चमचा आपटतात. मी त्यांच्या जागी असते तर पातेलं आपटलं असतं.

१९ डिसेंबर

शब्द : नाही. बाई म्हणाल्या, अजून महिना आहे. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

आज मजा झाली. हीटर धरला आणि मला शिंका सुटल्या. एक नाही, दोन नाही, सात-आठ. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, एका हाताने चावी धरलेली, दुसऱ्या हाताने रुमाल शोधतेय. सगळं निस्तरून सेल्फ मारला तर पहिल्या झटक्यात उठली! आणि आज सेल्फच्या वेळी आपटणंही नव्हतं. शिंका संपेपर्यंत चमचा केव्हाच थांबला होता. नवीन डिझेलचा गुण असणार. आणि ह्यांचा राग बहुतेक मावळला.

२० डिसेंबर

शब्द : नाही.

कसला मावळतोय. आज पुन्हा पाच वेळा. पुन्हा टण् टण्.

२९ डिसेंबर

शब्द : नाही.

लेक दोन दिवस राहून गेली. म्हणाली, "आई, वीस तारखेनंतर तुम्ही दोघं आमच्याकडे या. गायी कोणाला तरी देऊ. बाबा असे, तू अशी त्या धुडावर. मला तिकडे झोप लागत नाही."

मी म्हटलं, वीस तारीख तर येऊ दे.

निघताना तिने ह्यांच्या कपाळावर ओठ टेकवले. हे तिच्याकडे बघत होते. ओठ हलले, पण आवाज नाही. तिने बराच वेळ वाट बघितली, मग बॅग उचलली.

२ जानेवारी

शब्द : नाही.

मी वाईट वागले. काल सकाळी त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. बोटं गारठून बधिर झालेली, गाडीला सात मिनिटं उरलेली, आणि खिडकीतून तो चमचा. मी तरातरा आत गेले आणि हातातून काढून घेतला. "तुमचीच कामं करतेय ना?" म्हटलं. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली. चमचा फडताळात वर ठेवून दिला.

आज सकाळी चावी फिरवली तर आवाज नाही. बरं वाटलं. दूध पोचवून परत आले, ह्यांना चहा द्यायला गेले, तर डाव्या हाताची बोटं सोललेली. बोटांच्या गाठींनी आपटत होते कठड्यावर. आवाज माझ्यापर्यंत पोचला नाही एवढंच.

औषध लावलं, चमचा परत हातात दिला आणि रडले. इतका कसला राग, की हात फुटेपर्यंत? आणि राग असेल तर रक्त पुसताना ह्यांनी माझा अंगठा का धरून ठेवला, ते कळलं नाही.

६ जानेवारी

शब्द : नाही. चौदा दिवस उरले.

कॅन उतरवताना बर्फावर पाय घसरला. घोटा टम्म सुजलाय, क्लच दाबता येणार नाही. उद्या मंगळवार, भावजींना सुट्टी. ते येतो म्हणाले. "काळजी करू नका वहिनी, वखारीतल्या एकाने जालीम औषध दिलंय. एक फवारा, की मेलेलं इंजिन उठतं."

७ जानेवारी

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी भावजी शेडमध्ये गेले. दारं उघडली, वर बसले. मी लंगडत ह्यांच्या खोलीत आले आणि पलंगाशी खुर्ची घेऊन बसले. इतक्या दिवसांत त्या वेळेला मी ह्या खोलीत कधी नव्हतेच. मी नेहमी तिकडे असायचे.

भावजी चावीकडे वाकले. ह्यांचा चमचा पडला, टण्. मी चेहऱ्याकडे बघितलं, राग कसा दिसतो ते बघायला. राग नव्हता. डोळे बारीक करून शेडकडे लावलेले, सुईत दोरा ओवणाऱ्याचे असतात तसे. आणि प्रत्येक टण्‌बरोबर ओठ हलत होते. मी कान जवळ नेला. नुसता श्वास होता, पण श्वासाला आकार होता. "तीन... चार... पाच..."

मला वाटलं, मला भास होतोय.

सहावर भावजींनी सेल्फ मारला. ह्यांनी डोळे गच्च मिटले आणि चमचा जोरजोरात आपटला. थांब, थांब, थांब. इंजिन खोकून गप्प झालं. भावजी पुन्हा वाकले. "एक... दोन..." पुन्हा आठवर घाई. पुन्हा डोळे मिटले.

महिनाभर हा माणूस मला सांगत होता. रोज. पलंगावरून, अर्ध्या अंगाने, चमच्याने. आणि मी चमचा काढून घेतला.

तेवढ्यात भावजी खाली उतरले. खिशातून डबा काढला, हलवला, आणि इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडाशी गेले. मला काही कळायच्या आत माझ्या शेजारी एवढा मोठा आवाज झाला की मी दचकून उठले आणि सुजलेल्या पायावर उभी राहिले.

"नको!"

ह्यांचा आवाज. घोगरा, गंजलेला, पण ह्यांचाच. "नको! नको!" चमचा हातातून उडाला होता आणि डावा हात काचेवर थापटत होता.

मी खिडकी ढकलली आणि ओरडले, "भावजी, थांबा! हात लावू नका! हे नको म्हणतायत!"

भावजींच्या हातून डबा पडला आणि अंगणात गडगडत गेला. डबा तसाच टाकून ते धावत आत आले. "कोण म्हणालं?" दारातच थांबले. "दादा म्हणाला?" आणि सहा फुटी माणूस पलंगाच्या पायाशी बसून पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

नंतर मिस्त्रीला फोनवर सांगितलं, तर त्याने आधी डब्यावरचं नाव वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाला, "काकू, तो फवारा चुलीवरच्या रॉकेलपेक्षा वाईट. हीटर तापलेला असताना मारला असता तर आतच भडका उडाला असता. समोर तोंड कोणाचं होतं?"

भावजींचं होतं.

पण त्याआधीचं लिहायचं राहिलं. भावजी शांत झाल्यावर मी त्यांना म्हटलं, परत जा, नुसता हीटर धरा, आणि मी खिडकीतून हात खाली करेपर्यंत सेल्फ मारू नका. चमचा उचलून ह्यांच्या हातात दिला. भावजी वाकले. टण्. ह्यावेळी मी ह्यांच्या तोंडाजवळच होते. दहा गेले. पंधरा गेले. अठरा, एकोणीस, वीस. चमचा कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी हात खाली केला.

पहिल्या झटक्यात उठली. काचा थरथरल्या. ह्यांनी डोकं उशीवर टेकलं.

वीस. भिंतीवरच्या बादलीच्या तोंडाशी आडवी रेघ आणि खाली वीस. ते दूध नव्हतं. बर्फाचा पापुद्रा होता तो. बादलीत पाणी नुसतं गार असेल तर दहा मोजायचे, वर पापुद्रा असेल तर वीस, अख्खी बादली गोठली असेल तर तीस. आणि कडी हाताला चिकटायला लागली तर चालूच करायचं नाही. दारातली बादली हे ह्यांचं थंडी मोजायचं माप होतं, आणि मी ते वासरांपुढे नेऊन ठेवलं. गोठ्यात जन्म गेला, मला प्रत्येक बादलीत दूधच दिसतं.

शब्द : नको, नको, नको. आणि एक ते वीस. तेवीस. बेरीज तीनदा करून बघितली.

९ जानेवारी

शब्द : वीस. शेड उघडल्यावरच. एरवी नाही. माझा घोटा उतरेपर्यंत भावजींनी पाळी बदलून घेतली आहे, तेच दूध नेतात.

बाईंना आज सकाळीच बोलावून घेतलं. खुर्चीत बसून त्यांनी सगळं ऐकलं, एकदाही पेन उचललं नाही. मग म्हणाल्या, मोजणं, वार, पाढे हे डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतं, पुष्कळदा तेवढं वाचतं. "पण मी पहिल्याच दिवशी मोजायला सांगितलं होतं हो. बोलले नाहीत."

मी म्हटलं, "बाई, कारण नसताना हा माणूस कधी मोजेल का?"

त्या हसल्या, आणि मग चष्मा काढून पुसत बसल्या. म्हणाल्या, आता ह्या वाटेनेच आत शिरू. एकदा वाट सापडली की तिच्यावरून बाकीचेही येतात, हळूहळू. तारखेचं फार मनावर घेऊ नका.

शेडच्या दारातली बादली परत जागेवर नेऊन ठेवली. भरून.

हे लिहिताना वाटतं, माणसाच्या डोक्यात इतकं सगळं विझतं आणि एका कोपऱ्यात एक ते वीस तसेच्या तसे राहतात, रोज सकाळी वाट बघत. कोणी ठेवले तिथे? मला तर त्या सिलेंडरमधल्या हवेचंच नवल संपलं नव्हतं.

१३ जानेवारी

घोटा उतरला. आज पुन्हा मी.

उठले तेव्हाच कळलं की गारठा निराळा आहे. अंगणात पाऊल टाकलं तर जमीन वाजत होती. बादलीशी वाकले, बोटाने टकटक केलं. तळापर्यंत दगड. कडीला हात लावून बघितला, चिकटत नव्हती. म्हणजे तीस. खिडकीकडे वळून तीन बोटं दाखवली. ह्यांना मी आधीच माझी शाल गुंडाळून, टेकवून बसवलं होतं. खिडकी चार बोटं उघडी. ह्यांनी मान हलवली.

दोन्ही दारं उघडली. वर बसले. उशी, गिअर, हातब्रेक, खटका, क्लच. चावी डावीकडे. लाल दिवा.

"एक," खिडकीतून आलं. चमचा नाही. नुसता आवाज. "दोन."

इतकं शांत होतं की आकडा अंगण ओलांडून येताना ऐकू येत होता. प्रत्येक आकड्याबरोबर खिडकीच्या फटीतून थोडी वाफ बाहेर पडत होती. दहाशी हे अडखळले, थांबले, मी श्वास धरला, मग "अकरा" आलं. वीसनंतर आवाज चढत गेला. पंचवीस. अठ्ठावीस. आत कुठेतरी तारा लाल होत होत्या, माझ्या पायाखाली, आणि तिकडेही.

"तीस."

मला आता मोजता येतं. तीस म्हणजे किती ते मला चोख कळतं, ह्यांच्याशिवायही. पण का कोण जाणे, चावी धरलेला हात हलेना. अजून काही यावं असं वाटलं. चावी तशीच धरून बसले, समोरच्या खडूच्या बादल्यांकडे बघत. एक क्षण गेला. दुसरा गेला.

खिडकी धाडकन पूर्ण उघडली.

"अगं, मार की!"

मी मारला. सवत पहिल्या झटक्यात उठली, आणि मी तिच्या आवाजात तोंड लपवून पाचच्या पाच मिनिटं रडून घेतलं. दूध वेळेच्या आधी पोचलं. दूधगाडीवाल्याने विचारलं, आज काय विशेष. मी म्हटलं, नवरा ओरडला.

शब्द : तेहतीस.